एक जोतं, दोन घरं : छोट्या स्पोर्ट्‌स गाड्या कंपन्या मिळून का बनवतात?

'प्लॅटफॉर्म' म्हटलं की आपल्याला आधी रेल्वे स्टेशन आठवतं. फलाट क्रमांक एक, चहावाला, वडापाव. पण मोटारींच्या बातम्या वाचताना हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. 'या दोन गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर बनल्या आहेत' असं वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं किंवा ऐकलं असेल. त्याचा अर्थ त्या एकाच फलाटावर उभ्या आहेत असा नाही! मग काय आहे, ते आज बघूया. आणि त्यातही एक खास प्रकार बघूया, छोट्या, चपळ, दोन माणसांच्या स्पोर्ट्‌स गाड्यांचा. कारण तिथे हे प्लॅटफॉर्मचं गणित सगळ्यात अवघड होऊन बसतं.

गावाकडे घर बांधताना आधी जोतं घालतात. जोत्याची लांबी-रुंदी ठरली की घराचं बरंचसं ठरून जातं. त्यावर कौलारू घर बांधा नाहीतर स्लॅबचं, खिडक्या हिरव्या करा नाहीतर निळ्या, पण जोत्याबाहेर भिंत जात नाही. गाडीचा प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचं जोतं. गाडीचा खालचा पत्र्याचा तळ, पुढची आणि मागची चाकं जिथे जोडली जातात त्या जागा, सस्पेन्शन, स्टिअरिंगची जोडणी, इंजिन कुठे आणि कसं बसणार याची जागा, वायरिंगचं जाळं, हे सगळं त्यात आलं. वरचा पत्रा, दिवे, बंपर, सीटचं कापड हे प्लॅटफॉर्ममध्ये येत नाही.

कुणी म्हणेल, पेणच्या गणपतीसारखंच की! एकाच साच्यातून शंभर मूर्ती काढायच्या आणि रंग वेगवेगळे द्यायचे. उदाहरण जवळचं आहे, पण गाडीच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. मूर्तीचा साचा बाहेरचा आकार देतो. प्लॅटफॉर्म बाहेरच्या आकाराबद्दल फारसं बोलत नाही, तो आतलं ठरवतो. म्हणून दोन गाड्या बाहेरून अगदी वेगळ्या दिसूनही आतून सख्ख्या बहिणी असू शकतात.

या जोत्यातलं सगळ्यात हट्टी माप म्हणजे व्हीलबेस. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे शब्द लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्यांचं काम आहे.

आधी गणित

आता पाटी-पेन्सिल घ्या. आकडे मी सोयीसाठी मनाने धरलेले आहेत, खऱ्या कंपनीचे नाहीत.

समजा, नवीन गाडी तयार करायला एकूण १,००० कोटी रुपये लागतात. हा खर्च गाडी विकायच्या आधीचा. यात आराखडे आले, पत्रा दाबून आकार देणारे भलेमोठे साचे आले, धडक चाचण्या आल्या (एका चाचणीत एक नवी गाडी मुद्दाम आपटून मोडायची!), धुराचे नियम पाळण्यासाठी इंजिनाच्या तपासण्या आल्या. गंमत अशी की गाडी लाखभर विका किंवा दहा लाख, हा खर्च जवळपास तेवढाच राहतो. लहान गाडी म्हणून धडक चाचणी अर्ध्या किमतीत होत नाही.

घरातल्या सगळ्यांसाठीची साधी गाडी असेल तर तिच्या आयुष्यात समजा १० लाख गाड्या विकल्या. १,००० कोटी भागिले १० लाख, म्हणजे प्रत्येक गाडीवर १०,००० रुपये बोजा. चालेल, गिऱ्हाइकाला कळणारही नाही.

स्पोर्ट्‌स गाडीला मात्र दोनच सीटा. आजी मागे बसू शकत नाही, डिकीत धान्याचं पोतं मावत नाही. ती घेणार कोण? थोडे हौशी लोक. समजा, १ लाख गाड्या विकल्या. तोच भागाकार करा, प्रत्येक गाडीवर १ लाख रुपये. म्हणजे गाडी बनवण्याचा खर्च वेगळा, त्यावर हे लाखभर. आणि आपल्याला तर ही गाडी तरुणांना परवडणारी करायची होती.

आता दोन कंपन्या एकत्र आल्या. जोतं एकच, पण दुसऱ्या गाडीचा पत्रा वेगळा हवा म्हणून खर्च २०० कोटींनी वाढला. एकूण १,२०० कोटी. दोघींनी प्रत्येकी १ लाख विकल्या तर एकूण २ लाख. भागाकार केला की ६०,००० रुपये. गाडीमागे ४०,००० वाचले. वा!

पण थांबा. दुसरी गाडी पहिलीसारखीच दिसत असेल आणि पहिलीचीच गिऱ्हाइकं तिच्याकडे गेली तर? समजा, दोन्ही मिळून फक्त १ लाख २० हजार विकल्या. १,२०० कोटी भागिले १ लाख २० हजार. करून बघा. उत्तर परत १ लाख रुपये! एवढा खटाटोप करून हाती शून्य, आणि वर दोन कंपन्यांच्या बैठकांचा चहा-नाश्ता वेगळा.

म्हणजे या भागीदारीत दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. आतून जास्तीत जास्त सारखं, आणि बाहेरून व चालवायला पुरेसं वेगळं. या दोन टोकांमधली ओढाताण म्हणजेच हा सगळा विषय.

टोयोटा आणि सुबारू

जपानमधली टोयोटा केवढी मोठी कंपनी आहे हे सांगायला नको. सुबारू त्यामानाने लहान. सुबारू गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं तेव्हाचं नाव फुजी हेवी इंडस्ट्रीज. २००५ साली टोयोटाने तिचे ८.७ टक्के शेअर अमेरिकेतल्या जनरल मोटर्सकडून विकत घेतले, पुढे वाटा वाढवला. नातं जुळल्यावर एक कल्पना पुढे आली, तरुणांसाठी हलकी, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्‌स गाडी मिळून बनवायची.

टोयोटाकडे अशा गाडीची एक आठवण होती. १९८३ ते १९८७ या काळात कोरोला घराण्यात एक छोटी गाडी निघाली होती. कंपनीच्या भाषेत तिचा क्रमांक एई८६. जपानी लोक तिला प्रेमाने 'हाची-रोकु' म्हणतात, म्हणजे नुसतं 'आठ-सहा'. तुमच्यापैकी कुणी 'इनिशियल डी' हे जपानी कार्टून पाहिलं असेल, तर त्यातला मुलगा घाटात टोफू पोचवायला जी पांढरी-काळी गाडी पळवतो, तीच ही. इंजिन फक्त १.६ लिटरचं, पण वजन कमी आणि ताकद मागच्या चाकांना.

सुबारूकडे काय होतं? बॉक्सर इंजिन. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. बॉक्सरमध्ये सिलिंडर आडवे, समोरासमोर झोपवलेले असतात आणि पिस्टन दोन्ही बाजूंना एकाच वेळी बाहेर-आत होतात, दोन मुष्टियोद्धे समोरासमोर ठोसे मारताहेत तसे. म्हणून ते नाव. याचा फायदा असा की इंजिन बुटकं आणि पसरट होतं, गाडीत खाली बसवता येतं. विज्ञानात आपण गुरुत्वमध्य शिकतो ना? तो जितका खाली, तितकी वस्तू वळणावर कमी कलंडते. डोक्यावर हंडा घेऊन धावणारा आणि कमरेवर कळशी घेऊन धावणारा, दोघांत वळताना कोण आधी डगमगेल ते डोळ्यांसमोर आणा.

मग वाटणी झाली. टोयोटाची कल्पना, बाह्यरूप आणि इंजिनात पेट्रोल फवारण्याचं तंत्र. सुबारूचं बॉक्सर इंजिन, बरीचशी अभियांत्रिकी आणि जपानच्या गुन्मा प्रांतातला कारखाना. २ लिटरचं इंजिन, ताकद २०० अश्वशक्तीच्या आसपास. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव पण ८६ मिलिमीटर! 'आठ-सहा'चा मान असा राखला गेला.

यात सुबारूने केवढी मोठी गोष्ट सोडली ते बघा. सुबारूची जगभर ओळख म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, बर्फात-चिखलात न अडकणारी. या नव्या गाडीत मात्र ताकद फक्त मागच्या चाकांना. आणि टोयोटाने काय सोडलं? स्वतःचं इंजिन. भागीदारी म्हणजे नुसतं खर्च वाटून घेणं नसतं, आपली एखादी लाडकी गोष्ट बाजूला ठेवावी लागते. सुरुवातीला दोन्हीकडच्या इंजिनिअरांना हे जड गेलं असणार, कोणालाही जाईल.

२०१२ साली गाड्या बाजारात आल्या. टोयोटाची ८६ आणि सुबारूची बीआरझेड. अमेरिकेत टोयोटाचीच गाडी सुरुवातीला सायन या तिसऱ्या नावाने विकली गेली. म्हणजे जोतं एक, घरं दोन आणि दारावरच्या पाट्या तीन! खरं सांगायचं तर घरंही फार वेगळी नव्हती. बंपर, दिवे आणि आतला थोडा साज सोडला तर दोन्ही जुळ्या. फरक होता तो सस्पेन्शनच्या जुळवणीत, एकीचं शेपूट वळणावर जरा लवकर सरकायचं, दुसरी जास्त घट्ट धरून जायची.

मग आपल्या गणितातला धोका इथे नव्हता का? होता. पण टोयोटाची दुकानं आणि सुबारूची दुकानं वेगळी, दोघींची जुनी गिऱ्हाइकंही वेगळी. शिवाय दोन वेगळे कारखाने उभारायचे नव्हते. गाडीचं काम बरं चाललं असावं, कारण २०२१ साली दोघींनी मिळून दुसरी पिढीही आणली, इंजिन २.४ लिटरचं करून. जोडी एकदाच जमली असं झालं नाही, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हिरोशिमात बनलेली इटालियन गाडी

दुसरी जोडी जास्त मजेदार आहे.

जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही उघड्या टपाची छोटी गाडी १९८९ साली आली. दोन सीटा, कापडी छप्पर, वजन साधारण एक टन. २०१६च्या एप्रिलमध्ये या नावाची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. जगात सर्वाधिक विकली गेलेली दोन सीटांची स्पोर्ट्‌स गाडी म्हणून गिनीज बुकात तिचं नाव आहे. आता भागाकार करा, दहा लाख भागिले २७ वर्षं, वर्षाला सरासरी ३७,००० गाड्या, तेही सगळ्या जगात मिळून. आपल्याकडे एकट्या भारतात मारुती स्विफ्ट वर्षाला दीड लाखाच्या वर जाते. म्हणजे जगज्जेती स्पोर्ट्‌स गाडीसुद्धा आपल्या स्विफ्टपुढे किरकोळ!

चौथ्या पिढीच्या वेळी माझदाने भागीदार शोधला, इटलीचा फियाट समूह. २०१२मध्ये बोलणी झाली, २०१३च्या जानेवारीत करार. ठरलं असं की याच जोत्यावर फियाट समूहातल्या अल्फा रोमिओ या नावाची गाडी माझदा हिरोशिमात बनवून देईल. पण मध्येच इटलीकडून विचार बदलला. अल्फा रोमिओ ही इटलीची शान, तिची गाडी इटलीतच बनली पाहिजे असं ठरलं. आता करार तर झालेला. मग अल्फाऐवजी फियाटचं नाव लावायचं ठरलं आणि जुन्या पेटीतून एक नाव बाहेर काढलं गेलं, १२४ स्पायडर.

नवी १२४ स्पायडर २०१५च्या शेवटी जगापुढे आली. तिचा व्हीलबेस माझदाचाच, २,३१० मिलिमीटर. समोरची काच आणि कापडी छप्पर माझदाचं. पण बाहेरचा पत्रा जवळजवळ सगळा वेगळा, गाडी सुमारे १४ सेंटिमीटर लांब, बॉनेटवर जुन्या गाडीसारखे दोन उंचवटे. आणि इंजिन फियाटचं स्वतःचं, १.४ लिटरचं टर्बो. माझदाच्या इंजिनाला टर्बो नाही, ते जास्त फेऱ्यांवर खुलतं. फियाटचं इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर लावतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी मला फार आवडते. फियाटच्या टर्बो इंजिनाचा पीळ देणारा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, माझदाच्या इंजिनापेक्षा जास्त. नव्या माझदाचा गिअरबॉक्स हलका ठेवलेला, त्याला हा जोर झेपला नसता. म्हणून फियाटच्या मॅन्युअल गाडीत आदल्या पिढीच्या एमएक्स-५चा गिअरबॉक्स बसवला गेला. एक भाग बदलला की त्याच्या शेजारचा बदलावा लागतो, मग त्याच्या शेजारचा. 'इंजिन तेवढं आमचं घालू' हे वाक्य बोलायला सोपं असतं, एवढंच.

गणिताच्या दृष्टीने ही जोडी टोयोटा-सुबारूपेक्षा शहाणी वाटते ना? दिसायला वेगळी, चालवायला वेगळी, आवाज वेगळा. तरी फियाटची गाडी टिकली नाही. युरोपात २०१९ला आणि अमेरिकेत त्यानंतर लगेच तिची विक्री संपली. माझदाची एमएक्स-५ मात्र पुढे चालूच राहिली. जोतं ज्याचं, त्याला घर बंद करायची घाई नसते. जो भाडेकरूसारखा आला, तो विक्री घटली की सामान आवरतो.

आता या १२४ नावाची गोष्ट, कारण ती थेट आपल्या मुंबईपर्यंत येते. मूळ फियाट १२४ ही १९६६ साली आलेली, चार दारांची, कुटुंबाची साधी चौकोनी गाडी. त्याच वर्षी तिचंच जोतं आखूड करून पिनिनफारिना या इटालियन कंपनीने आखलेली सुंदर स्पायडर निघाली. म्हणजे सगळे ज्या जुन्या स्पायडरच्या आठवणीने हळहळतात, तीसुद्धा उसन्या जोत्यावरच उभी होती! तीच चौकोनी गाडी स्पेनमध्ये सिआट कंपनी बनवायची, सोव्हिएत रशियात तिची लाडा झाली. आणि स्पेनमधल्या गाडीवरून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८०च्या दशकात आपली ११८ एनई काढली, त्यात इंजिन जपानच्या निस्सानचं. तुमच्या आजोबांना विचारा, पद्मिनीनंतरची 'वन वन एट' त्यांना नक्की आठवेल. इटलीचं जोतं, स्पेनचा पत्रा, जपानचं इंजिन आणि मुक्काम पोस्ट कुर्ला. ही गाडी स्पोर्ट्‌स नव्हती, पण नात्याने त्या देखण्या स्पायडरची चुलत बहीण लागते.

हस्तांदोलनावरचा करार

अशा भागीदाऱ्या काही आजच्या नाहीत. १९६०च्या दशकात जर्मनीत फोक्सवॅगनचे प्रमुख हाइन्झ नॉर्डहॉफ आणि पोर्शेचे फेरी पोर्शे यांनी मिळून एक छोटी गाडी बनवायचं ठरवलं. करार तोंडी, हात मिळवून. तिचं नाव ९१४. चार सिलिंडरची गाडी फोक्सवॅगनच्या इंजिनाने आणि सहा सिलिंडरची पोर्शेच्या इंजिनाने. पण गाडी बाजारात येण्याआधीच, १९६८मध्ये, नॉर्डहॉफ वारले. त्यांच्या जागी आलेल्या कुर्ट लोत्झ यांनी ती तोंडी बोलणी आपल्यावर बंधनकारक मानली नाहीत. पोर्शेला गाडीचे सांगाडे ठरल्यापेक्षा महाग पडू लागले. परिणामी सहा सिलिंडरची ९१४ इतकी महाग झाली की तिची किंमत पोर्शेच्याच ९११च्या स्वस्त मॉडेलजवळ पोचली. मग ९१४ कोण घेणार? १९६९ ते १९७६ या काळात ९१४ एकूण सुमारे १ लाख १८ हजार बनल्या, त्यात सहा सिलिंडरच्या ३,३०० च्या आसपास. वर्गात आपण 'लेखी करार' हा शब्द शिकतो तेव्हा हे उदाहरण सांगायला हरकत नाही.

आणि काही जोड्या लग्नाआधीच मोडतात. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या रेनॉने ब्रिटनच्या केटरहॅमबरोबर मिळून स्पोर्ट्‌स गाड्या बनवायची घोषणा केली. २०१४ साली दोघे वेगळे झाले. रेनॉने एकट्याने हिंमत केली आणि २०१७ साली अल्पाइन ए११० ही गाडी आणली. 'एकट्याने' म्हणतोय, पण इंजिन समूहाच्या इतर गाड्यांबरोबर वाटून घेतलेलंच.

ही खरी की नकली?

एक प्रश्न नेहमी येतो. टोयोटाची प्रसिद्ध सुप्रा ही गाडी २००२ साली बंद पडली होती. २०१९ला ती परत आली, पण जर्मनीच्या बीएमडब्ल्यूबरोबर भागीदारी करून. तिचं जोतं आणि बीएमडब्ल्यू झेड४चं जोतं एक, व्हीलबेस दोघींचा २,४७० मिलिमीटर. मोठं सहा सिलिंडरचं इंजिन बीएमडब्ल्यूचं. आणि दोन्ही बनवल्या गेल्या तिसऱ्याच कंपनीच्या कारखान्यात, ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी. टोयोटाचे चाहते चिडले, 'ही सुप्रा नव्हेच, ही तर बीएमडब्ल्यू!'

त्यांचा राग मला समजतो. आपल्या आवडत्या आजीच्या हातची पुरणपोळी म्हणून कुणी बाहेरून आणलेली वाढली तर जीभ बरोबर ओळखते. पण इथे काम कसं झालं ते बघा. आधी दोन्ही कंपन्यांनी मिळून मुख्य मापं ठरवली, चाकांमधलं अंतर, इंजिनाची जागा. त्यानंतर दोन्हीकडचे गट वेगळे झाले आणि आपापली गाडी आपापल्या समजुतीने घडवत राहिले. टोयोटाकडून या कामाचे प्रमुख होते तेत्सुया तादा, तेच ज्यांनी आधी सुबारूबरोबर ८६ बनवली होती. एकीचं टप उघडतं, दुसरीचं पक्कं. मापं सारखी म्हणून स्वभाव सारखा होत नाही, हे आपल्या वर्गातल्या जुळ्या भावंडांकडे बघूनही कळतं.

माझं मत विचाराल तर, उसन्या जोत्यावरची सुप्रा आणि सुप्राच नसणं, असे दोनच पर्याय असतील तर मी पहिला घेईन. पण इंजिनसुद्धा दुसऱ्याचं आणि कारखानाही दुसऱ्याचा, म्हटल्यावर नावात किती उरलं, हा प्रश्न चाहत्यांनी विचारलाच पाहिजे. तो विचारला गेला की कंपन्याही पुढच्या वेळी सस्पेन्शन आणि स्टिअरिंगवर जास्त मेहनत घेतात.

घरी करून बघा

यातल्या बहुतेक गाड्या आपल्या गल्लीत दिसणार नाहीत. पण प्लॅटफॉर्म दिसतो. पुण्याजवळ चाकणच्या एकाच कारखान्यात स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या दोन गाड्या बनतात. आणि मारुती बलेनो व टोयोटा ग्लांझा तर कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतील.

यातली एक जोडी शोधा. मालकाची परवानगी घ्या, गाडी सपाट जागी उभी आणि चाकं सरळ असू द्या. शिलाईचा टेप पुरणार नाही, गवंड्याकडचा मीटर टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घ्या आणि वहीत लिहा. स्लाव्हिया-व्हर्टसला २,६५१ मिलिमीटरच्या जवळ आकडा यायला हवा, बलेनो-ग्लांझाला २,५२० च्या. एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक टेप धरण्याचा, तो चालेल. मग त्याच दोन गाड्यांचे दिवे, बंपर, जाळी, दाराच्या मुठी, काचांच्या कडा नीट बघा आणि दोन रकाने करा, 'सारखं' आणि 'वेगळं'. दाराच्या मुठी कुठल्या रकान्यात गेल्या ते सोमवारी वर्गात सांगा.